राणीच्या बागेतली झाडं

भायखळ्याची राणीची बाग, म्हणजेच वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, १८६२ सालापासून उभी आहे. लोक पेंग्विन बघायला रांग लावतात. मी म्हणेन, आधी कैलासपतीचं झाड बघा. त्याची फुलं थेट खोडावर फुटतात. गुलाबी-लाल पाकळ्या आणि मधोमध शिवलिंगावर नागाने फणा धरावा तशी रचना! याच बागेत मूळची आफ्रिकेतली गोरखचिंच आहे, म्यानमारच्या उर्वशीचं झाडही.

ही झाली बागेतली झाडं; आता आपण करतो त्या वृक्षारोपणाबद्दल. पावसाळ्यात खड्डे खणायला हौशी मंडळी पुष्कळ जमतात, फोटोही निघतात. रोपाला खरी गरज असते ती पुढचे दोन-तीन उन्हाळे पाणी घालणाऱ्यांची. लावताना पिशवी कापून काढा, मुळांभोवतीची माती फुटू देऊ नका, बुंध्याभोवती पालापाचोळा पसरा. आणि वड-पिंपळ विजेच्या तारांखाली लावू नका.