पावती हातात आहे, माल केव्हा मिळेल?

मंडळी, वखारीत सोयाबीन ठेवलं की पावती मिळते. माल आत राहतो, पावती आपल्याकडे. ती तारण ठेवून बँकेकडून कर्जही काढता येतं. आज लिक्विड स्टेकिंगबद्दल बोलताना ही पावती डोळ्यांपुढे ठेवा.

इथेरियम या ब्लॉकचेनवरचे व्यवहार तपासणाऱ्या व्हॅलिडेटरला तिथल्या चलनाचे, म्हणजे ईथरचे, किमान ३२ नग अडकवून ठेवावे लागतात; यालाच स्टेकिंग म्हणतात. काम चोख केलं तर मोबदला मिळतो. परस्परविरोधी मतं नोंदवली तर ठेवीतूनच दंड कापला जातो. एवढे ईथर फार थोड्यांकडे असतात. म्हणून लायडो, रॉकेट पूल यांसारख्या सेवा लोकांचे थोडेथोडे ईथर एकत्र करतात आणि बदल्यात एक टोकन देतात. तीच आपली पावती. ती विकता येते, तारणही ठेवता येते.

सेवा निवडताना पहिला प्रश्न हमखास येतो, ‘परतावा किती?’ माझ्या मते तो शेवटी विचारावा. मोबदला शेवटी एकाच इथेरियमकडून येतो, त्यामुळे साध्या स्टेकिंगमध्ये कुणी फारच जास्त देऊ करत असेल, तर तो पैसा आणखी कुठे गुंतवला जातोय ते आधी शोधा. पहिला प्रश्न हवा तो बाहेर पडण्याच्या वाटेचा.

जून २०२२ आठवून पाहा. अडकवलेले ईथर परत काढायची सोयच तेव्हा इथेरियममध्ये नव्हती. ती १२ एप्रिल २०२३ ला आली. तोवर पैसे हवे असतील तर पावती बाजारात विकायची, एवढाच मार्ग. सेल्सियस या कर्जव्यवहार करणाऱ्या कंपनीकडे लायडोच्या पावत्यांचा मोठा साठा होता. १२ जूनला तिनं ग्राहकांचे पैसे देणं थांबवलं. त्या दिवसांत पावतीचा भाव ईथरपेक्षा सुमारे ५ ते ६ टक्के खाली गेला. लायडोकडचे ईथर जागच्या जागी होते. ज्यांना थांबणं शक्य होतं, ते सावरले. पावती तारण ठेवून ज्यांनी कर्ज उचललं होतं, त्यांचा जीव मात्र टांगणीला लागला.

आता परतीची वाट आहे, पण तिथे रांग लागते. सप्टेंबर २०२५ मध्ये ही रांग ४० दिवसांच्याही पुढे गेली होती. मुलीच्या फीचे पैसे या रांगेत उभे करू नका, ही माझी कळकळीची विनंती.

दुसरा प्रश्न, पावतीपुस्तक कुणाच्या ताब्यात आहे? डिसेंबर २०२२ मध्ये अँकर या सेवेची गुप्त किल्ली चोराच्या हाती लागली. त्यानं मागे माल नसलेली टोकनं बेसुमार छापली आणि खऱ्या पावत्यांचा भाव कोसळला. म्हणून नुसतं ‘ऑडिट झालंय’ ऐकून थांबू नका. टोकनं छापणारा संगणकीय करार बदलायचा अधिकार किती जणांच्या सह्यांवर चालतो आणि बदलाआधी किती मुदत मिळते, हे विचारा.

आपल्याकडे अशा टोकनांच्या नफ्यावर ३० टक्के कर लागतो आणि तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वजा होत नाही. टोकन घेण्याआधीच सीएंना भेटा.

आणि सुरुवात अगदी छोट्या रकमेनं करा. ती आत टाका, लगेच परत मागा. किती दिवस लागले, किती शुल्क गेलं, हातात नेमकं काय आलं, हे वहीत लिहा. ते पान भरेपर्यंत बाकीची रक्कम हलवू नका.