हात पुढे करा

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात कोजागिरीच्या रात्री गच्चीवर झालेलं भाषण, थोडं आटोपशीर करून.)



मला सांगण्यात आलं की विषय तुमच्या आवडीचा घ्या. माझी नोकरी रक्त काढण्याची. सरकारी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत 31 वर्षं काढली. सकाळी आठला खिडकी उघडायची आणि "हात पुढे करा, मूठ आवळा" सुरू व्हायचं. लोकांचे चेहरे मला आठवत नाहीत, बघायला वेळच नसायचा. हात मात्र आठवतात, आणि हातावर लिहिलेलं तर चांगलंच आठवतं. म्हणून आज गोंदणावर बोलणार आहे. तुमच्या मुलांच्या भाषेत टॅटू.

इथे बसलेल्या आज्यांना मी गोंदण काय ते शिकवायला नको. काजळी, तीन-चार सुया एकत्र बांधलेल्या, आणि मोठ्या बायकांनी धरून ठेवलेली सात-आठ वर्षांची पोर. कपाळावर नाहीतर हनुवटीवर ठिपका, हातावर तुळशीवृंदावन. पोरीला विचारत कोण होतं? मेल्यावर दागिने इथेच राहतात, गोंदण तेवढं बरोबर येतं, असं सांगून गप्प करायचे. पुढे जत्रेत मशीनवाले आले. ते विजेचं मशीनही जुनंच आहे बरं का. एडिसनच्या विजेच्या पेनावरून न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओ'रायलीनं 1891 साली त्याचं पेटंट घेतलं.

हे जात का नाही, असं मला खूप जण विचारायचे. वरची कातडी सतत झडते आणि नवी येते. पण सुई त्याखालच्या थरात रंग सोडते. तिथल्या पेशी तो परका समजून गिळून टाकतात, पण त्यांना तो पचत नाही. 2018 साली फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं की अशी पेशी मेली की तिचा रंग बाहेर पडतो, आणि शेजारी आलेली नवी पेशी तोच पुन्हा गिळते. म्हणजे सांभाळणारे बदलतात, रंग जागेवर. लेसरनं त्याचे बारीक तुकडे करतात, मग शरीर ते हळूहळू वाहून नेतं. त्याला बऱ्याच खेपा लागतात आणि पैसेही.

आता मुद्द्याचं. चित्र बघून अर्थ कळतो असं आपल्याला वाटतं. तो कळत नाही.

एक आजी यायच्या, साखर तपासायला. डाव्या हातावर एका पुरुषाचं नाव. आमच्याकडे शिकायला आलेली एक मुलगी होती, बोलकी. ती म्हणाली, "आजोबांचं नाव का हो आजी?" आजी हसल्या. "अगं, नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायची चोरी, ते हातावर कुठलं घेतेय मी! भाऊ आहे तो." भाऊ तापानं गेला तेव्हा या नऊ वर्षांच्या. पाठीवर दुसरा नव्हता. त्या वर्षी गोंदणारी दारात आल्यावर आईनं वृंदावनाच्या जागी त्याचं नाव घालायला लावलं. "भाऊबिजेला ह्यालाच कुंकू लावते," म्हणाल्या. साठ-पासष्ट वर्षं लावत होत्या. मुलगी गप्प झाली. मी रक्त काढलं, कापूस दाबून धरायला सांगितलं, आणि पुढचा नंबर पुकारला. रांग थांबत नाही.

एक ड्रायव्हर होता, मनगटावर तारीख. 26-7-2005. आपल्यापैकी जुन्या सभासदांना ही तारीख सांगायला नको. आपल्या पार्किंगमध्ये सीटपर्यंत पाण्यात उभ्या स्कूटर आठवतात ना? सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला होता. तर हा म्हणाला, "मॅडम, लोक विचारतात मुलाचा वाढदिवस का. मी हो म्हणतो. कुठे सांगत बसा." कुर्ल्यात त्याची गाडी बंद पडली आणि पाणी छातीपर्यंत आलं. एका बिल्डिंगमधल्या लोकांनी साड्या एकमेकींना बांधून त्याला जिन्यावर ओढून घेतलं. रात्रभर तिसऱ्या मजल्यावर ठेवलं, सकाळी पोहे दिले. पाणी ओसरल्यावर घरच्यांच्या काळजीनं तो तसाच धावला. कुणाचं नाव विचारलं नाही, बिल्डिंगचंही नाही. नंतर तीन-चारदा शोधायला गेला, सगळ्या सारख्याच दिसल्या. नावं माहीत नाहीत, म्हणून तारीख.

सगळ्यात जास्त मी काय पाहिलं असेल? "आई". पोलिसांच्या कागदात ओळखखूण म्हणून गोंदण लिहितात. एकदा अपघाताचा एक पोरगा बेशुद्ध आला, खिशात काही नाही. हवालदारानं लिहून घेतलं, उजव्या हातावर 'आई'. अहो, त्यानं कोण सापडणार? अख्ख्या महाराष्ट्राच्या हातावर आईच आहे. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या जिल्ह्यातून एका बाईचा फोन आला. चौथी शिकलेली बाई. तिनं विचारलं, "साहेब, 'ई'वरचा रफार आहे का नाही बघा. जत्रेतल्यानं खाल्लाय तो. आइ लिहिलंय, ऱ्हस्व. मी लई बोलले होते त्याला." हवालदार वॉर्डात जाऊन बघून आला. रफार नव्हता. पोरगा वाचला, दीड महिन्यानं आपल्या पायांनी घरी गेला. शुद्धलेखनाची चूक एवढी कामी आलेली मी दुसरी पाहिली नाही.

सगळेच सांगतात असं नाही. एका बाईच्या हातावर नाव होतं तिथे चुन्यानं जाळल्याचा व्रण होता. तिनं पदर ओढून घेतला, मी दुसऱ्या हाताची शीर शोधली. अलीकडे मुलामुलींच्या मनगटावर अर्धविराम दिसतो, टिंब आणि खाली स्वल्पविराम. 2013 च्या सुमाराला अमेरिकेतून ही चाल सुरू झाली. जीव द्यावासा वाटला होता पण वाक्य तिथे संपवलं नाही, असा त्याचा अर्थ. कुणी स्वतःसाठी काढतं, कुणी गेलेल्या मित्रासाठी. आपल्या घरातल्या कुणाच्या हातावर हे दिसलं, तर "हे काय थेर" म्हणायच्या आधी शेजारी बसा. मी हे गमतीनं सांगत नाही. आणि ज्यांच्या स्वतःच्या कपाळावर ठिपका आहे त्यांनी नातवाला ओरडताना जरा आरसा बघावा. हसू नका, मी कोणाकडे बघत नाहीये.

पोरांसाठी दोन कामाच्या गोष्टी. सैन्यात जायचं मनात असेल तर आधी भरतीचे नियम वाचा. हाताची आतली बाजू, कोपरापासून मनगटापर्यंत, आणि पंजाची मागची बाजू, एवढंच चालतं. आदिवासी उमेदवारांना त्यांच्या चालीरीतीप्रमाणे सवलत आहे. आणि सुई नवी, तुमच्यासमोर फोडलेली हवी. कावीळ बी आणि सी, एचआयव्ही, सगळं सुईतून येऊ शकतं. म्हणूनच टॅटू काढल्यावर 12 महिने रक्तदान करता येत नाही.

रविवारी आपल्या क्लब हाऊसमध्ये रक्तदान शिबिर आहे, नऊ ते एक. वर्षाच्या आत टॅटू काढलेल्यांनी फॉर्मवर खरं लिहा, तुम्हाला परत पाठवतील. पण तसेच घरी जाऊ नका. नोंदणीच्या टेबलावर मी बसणार आहे, बाजूची खुर्ची रिकामी ठेवते. चहा-बिस्किटं सगळ्यांना आहेत.

दूध झालं वाटतं.