वही कोणाच्या हाती?



'ब्लॉकचेन' हा शब्द आपल्यापैकी पुष्कळांच्या कानांवर पडला असेल, आणि बहुधा कोणीतरी पैसे दुप्पट करण्याच्या गोष्टी सांगत असतानाच पडला असेल. माझा आजचा विषय पैसे दुप्पट करण्याचा नाही. तो वहीचा आहे. व्यवहार झाला, तो लिहिला. पण लिहिलेले उद्याही तसेच राहील, याची हमी कोण देणार?

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी बाजारासाठी जमलेले शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले. त्यांचा मुख्य रोख होता तो खतांवर आणि हिशेबाच्या वह्यांवर. त्या त्यांनी जाळल्या. कुळाला लिहिता-वाचता येत नव्हते. वही सावकाराच्या घरी, लेखणी त्याच्याच हाती. फेडलेली रक्कम जमा झाली की नाही, हे ज्याला येणे होते तोच सांगणार! अशा स्थितीत वही हा पुरावा राहत नाही, ते हत्यार होते.

सरकारने चौकशी केली आणि १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर व नगर या जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. शेतकऱ्याचे खत गावच्या निबंधकासमोर लिहिले जावे, भरलेल्या पैशाची पावती मिळावी, वर्षाचा हिशेब मागता यावा, अशा त्यात तरतुदी होत्या. म्हणजे दोघांच्या मध्ये तिसरा माणूस बसवला. आजही आपण तेच करतो. बँक हा तिसरा माणूसच. जमिनीचा फेरफार तलाठी लिहितो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतींसाठी मुदत असते, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. व्यवस्था चांगली आहे. मात्र तो तिसरा माणूस चांगला निघाला पाहिजे.

३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या नावाने एक नऊ पानी निबंध प्रसिद्ध झाला. हे नाव धारण करणारा कोण, हे आजतागायत उलगडलेले नाही. निबंधातली कल्पना अशी, की तिसरा माणूस काढून टाका आणि वही सर्वांनाच द्या. ३ जानेवारी २००९ रोजी त्या वहीचे पहिले पान लिहिले गेले. तीच बिटकॉइनची वही. आज तिच्या प्रती जगभर हजारो संगणकांवर आहेत, आणि एकेका पूर्ण प्रतीचा आकार सहाशे गिगाबाइटच्या पुढे गेला आहे.

आता कोणी म्हणेल, सर्वांनी वही ठेवली तर गोंधळच माजेल. अगदी खरे आहे. मेहकरच्या बाजारात एकच बैल दोघांना विकता येत नाही, कारण बैल दावणीला एकाच ठिकाणी असतो. संगणकातला आकडा मात्र कितीही वेळा उतरवून काढता येतो. एकच नाणे सकाळी एकाला आणि दुपारी दुसऱ्याला दिले, तर आधी कोणाला दिले हे ठरवायचे कसे? सारा पेच या 'आधी कोण' मध्येच आहे.

प्रथम वही कशी बांधली आहे ते पाहू. एका पानावर साधारण दोन-तीन हजार व्यवहार असतात. या पानालाच ब्लॉक म्हणतात. प्रत्येक व्यवहारावर देणाऱ्याची गुप्त किल्लीने केलेली सही असते. पानावरचा सर्व मजकूर एका गणिती रीतीतून घातला की चौसष्ट अक्षर-अंकांचा एक ठसा निघतो. मजकुरातला एक स्वल्पविराम जरी हलवला, तरी ठसा ओळखू येणार नाही इतका पालटतो. पुढच्या पानाच्या माथ्यावर मागच्या पानाचा ठसा लिहायचा, अशी शिस्त आहे. म्हणून कोणी मागले पान गुपचूप बदलले, तर त्याचा ठसा बदलतो, पुढच्या पानाशी जुळत नाही, आणि मग शेवटपर्यंतची सगळी पाने पुन्हा लिहावी लागतात.

पण पुन्हा लिहिणारा निघालाच तर? म्हणून लिहिणे मुद्दाम महाग केले आहे. नव्या पानाचा ठसा ठरावीक मर्यादेपेक्षा लहान, म्हणजे पुष्कळ शून्यांनी सुरू होणारा असावा लागतो. असा ठसा बुद्धीने सापडत नाही. पानावर एक आकडा बदलत बदलत अगणित वेळा प्रयत्न करावे लागतात. त्यात वीज जळते. ज्याला तो प्रथम सापडेल त्याचे पान लागते आणि त्याला नवी नाणी मिळतात. आरंभी पन्नास मिळत, एप्रिल २०२४ पासून सव्वातीन नव्हे, ३.१२५ मिळतात. शोधायला अवघड, तपासायला मात्र क्षणाचे काम. सरासरी दहा मिनिटांत एक पान लागावे, म्हणून दर २०१६ पानांनंतर अवघडपणा कमी-जास्त केला जातो. एकाच वेळी दोघांना पान सापडले तर वहीला दोन फाटे फुटतात. पुढे ज्या फाट्यावर अधिक श्रम साचतील तो सर्वांनी खरा मानायचा. म्हणून जाणते लोक मोठा व्यवहार आणखी पाच-सहा पाने लागेपर्यंत पक्का धरत नाहीत. ही विजेची उधळपट्टी मला खटकते. इथेरियम या दुसऱ्या वहीने सप्टेंबर २०२२ मध्ये ही रीत सोडून नाणी तारण ठेवण्याची रीत घेतली आणि तिचा वीजखर्च नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक घटला.

हे सर्व यंत्रच ठरवते, असे समजू नका. मार्च २०१३ मध्ये बिटकॉइनच्या नव्या कार्यक्रमाने मान्य केलेले एक मोठे पान जुन्या कार्यक्रमाने नाकारले, आणि काही तास जगात दोन वह्या चालू राहिल्या. नियमाप्रमाणे नवी वही पुढे होती. तरीही जाणत्यांनी आपसांत बोलून जुन्या वहीकडे परतायचे ठरवले, आणि पान लिहिणाऱ्यांतील मोठ्यांनी मिळवलेल्या बक्षिसावर पाणी सोडले. पंच देवघरात नसले तरी ओसरीवर होतेच.

शिवाय वही फक्त वहीत लिहिलेलेच सांभाळते. 'गेन बिटकॉइन' नावाच्या योजनेत दरमहा दहा टक्के परताव्याचे आमिष दाखवले गेले, पुष्कळांचे पैसे बुडाले, आणि २०१८ साली पुणे पोलिसांनी तिच्या कथित सूत्रधाराला अटक केली. त्यात बिटकॉइनची वही कोणी फोडली नव्हती. ते वचन वहीबाहेरचे होते. किल्ली हरवली तरी तेच. अर्ज घेऊन जायला तेथे तहसील नाही.

आपल्या विदर्भातलेच एक उदाहरण घ्या. गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथे सुमारे ६५,००० जातप्रमाणपत्रे पॉलिगॉन या ब्लॉकचेनशी जोडून देण्याचा उपक्रम २०२२ साली हाती घेण्यात आला. दाखल्याचा पडताळा वहीत, आणि दाखल्यावर तपासणीची खूण. नोकरीसाठी किंवा वसतिगृहासाठी दाखला पुढे आला की तो मूळचा आहे की खाडाखोड केलेला, हे लगेच कळते. खोट्या दाखल्याने खऱ्या आदिवासी मुलाची जागा जाते, म्हणून ही सोय लहान नाही. पण दाखला द्यावा की नाही, हे ब्लॉकचेन ठरवत नाही. आजोबांचा जुना कागद पाहून ते ठरवतो उपविभागीय अधिकारी, आणि कागदच नसलेला माणूस आजही त्याच्याच दाराशी उभा असतो.