कामगारांच्या निवृत्तिनिधीचा कारभार : मालकाने निवड कशी करावी?



पगाराच्या दिवशी कामगाराच्या हाती जी रक्कम पडते तिचा हिशोब तो स्वतः करू शकतो. परंतु त्याच्या पगारातून कापलेली आणि मालकाने स्वतःची भर घालून बाजूला ठेवलेली रक्कम त्याच्या हाती यावयाची असते ती वीस-तीस वर्षांनी. एवढ्या दीर्घ काळात ती कोणी सांभाळावी आणि तिचा हिशोब कोणी ठेवावा, हे बहुधा मालक ठरवितो. त्या निवडीचे बरेवाईट फळ मात्र कामगाराला भोगावे लागते. म्हणूनच ही निवड केवळ कार्यालयीन बाब नव्हे. ती विश्वस्ताची जबाबदारी आहे.

पिंपरी-चिंचवड, अंबड किंवा बुटीबोरी येथील एखाद्या मध्यम कारखान्यापुढे या बाबतीत प्रामुख्याने तीन मार्ग येतात.

पहिला मार्ग कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेचा. १९५२ च्या कायद्याने वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना ही योजना लागू झाली. सर्वसाधारणपणे वेतनाच्या १२ टक्के कामगाराने आणि तेवढेच मालकाने द्यावयाचे, अशी तिची रचना आहे. मालकाच्या हिश्श्यापैकी ८.३३ टक्के रक्कम १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेकडे वळते. त्यासाठी १ सप्टेंबर २०१४ पासून दरमहा १५,००० रुपयांची वेतनमर्यादा ठरविण्यात आली. व्यवस्थापनाचा खर्च कामगाराच्या खात्यातून वजा होत नाही, तो मालक वेगळा भरतो. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षांसाठी ८.२५ टक्के व्याज जाहीर झाले. येथे गुंतवणुकीची जोखीम मालकावर येत नाही. पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत रक्कम भरणे आणि प्रत्येक कामगाराचे नाव, जन्मतारीख व नामनिर्देशन बिनचूक नोंदविणे, हे त्याचे मुख्य काम. नावातील एका अक्षराची चूकही पुढे दावा अडवून ठेवते, याचा अनुभव अनेक कामगारांच्या कुटुंबांना आला आहे.

दुसरा मार्ग स्वतःच्या न्यासाचा. शासनाकडून सूट मिळालेली आस्थापना आपला निधी आपल्या विश्वस्त मंडळामार्फत सांभाळते. मंडळावर मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी समान संख्येने असतात. हिशोब हाताशी राहतो, अग्रिम रक्कम लवकर मिळू शकते आणि तक्रार घेऊन दूरच्या कार्यालयात जावे लागत नाही, हे या मार्गाचे गुण होत. परंतु सूट म्हणजे मोकळीक नव्हे. गुंतवणूक शासनाने ठरविलेल्या पद्धतीनुसारच करावी लागते. व्याज संघटनेच्या दरापेक्षा कमी देता येत नाही आणि तूट आली तर ती मालकाने भरून द्यावयाची असते. २०१८ मध्ये आयएल अँड एफएस या वित्तसमूहाची कर्जफेड थकली. त्याच्या रोख्यांना त्यापूर्वी सर्वोच्च पतमानांकन होते आणि अनेक न्यासांनी त्यांत कामगारांचा पैसा गुंतविला होता. मानांकन म्हणजे हमी नव्हे, हा धडा त्या घटनेने दिला. ज्या कारखान्याकडे जाणकार लेखापाल नाहीत आणि तूट भरून काढण्याइतकी ऐपत नाही, त्याने या मार्गाचा मोह टाळावा हेच श्रेयस्कर.

तिसरा मार्ग राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणालीचा. खाजगी आस्थापनांसाठी तिची स्वतंत्र व्यवस्था २०११ मध्ये सुरू झाली. भविष्य निर्वाह निधी लागू असलेल्या आस्थापनेत ही प्रणाली त्याची जागा घेऊ शकत नाही. ती पूरक म्हणून स्वीकारावयाची असते. तिचे वैशिष्ट्य कामाच्या विभागणीत आहे. खात्याची नोंद एक संस्था ठेवते, पैसा दुसरी गुंतविते, रोखे तिसरी सांभाळते आणि या सर्वांवर निवृत्तिवेतन निधी विनियामक प्राधिकरणाची देखरेख असते. नोंदणी ठेवण्याच्या कामात प्रोटीन, केफिनटेक आणि कॅम्स या संस्था आहेत. निधी व्यवस्थापकाची निवड मालकाने करावी की ती कामगारावर सोपवावी, हेही ठरविता येते. मात्र येथे उत्पन्नाची हमी नाही. बाजाराची चढउतार कामगाराच्या खात्यावर उमटते, ही गोष्ट त्याला सही घेण्यापूर्वी समजावून सांगणे अगत्याचे आहे.

मग तुलना कोणत्या कसोट्यांवर करावी? गेल्या वर्षी कोणी किती टक्के दिले, हा प्रश्न बहुधा प्रथम विचारला जातो. वास्तविक तो शेवटी विचारावा. त्याआधी चार गोष्टी पहाव्यात. तूट आली तर ती कोण सोसणार? कामगाराला आपल्या खात्यातील शिल्लक मालकाला न विचारता पाहता येते काय? त्याने नोकरी बदलली तर खाते त्याच्याबरोबर जाते काय? आणि तो अकाली गेला तर त्याच्या वारसाला किती कागद आणि किती खेटे घालावे लागतील? २०१४ पासून भविष्य निर्वाह निधीच्या प्रत्येक सदस्याला एकच सार्वत्रिक खाते क्रमांक मिळू लागला, तो यांतील दोन प्रश्नांचे उत्तर म्हणूनच.

खर्चाची गोष्टही क्षुल्लक मानू नये. दरमहा ५,००० रुपये तीस वर्षे साठविले आणि वार्षिक ८ टक्के दराने दरमहा वाढत गेले, तर सुमारे ७४ लाख ५० हजार रुपये होतात. त्यातून दरवर्षी अर्धा टक्का खर्चापोटी गेला आणि वाढ साडेसात टक्क्यांवर आली, तर तीच रक्कम सुमारे ६७ लाख ३७ हजारांवर थांबते. अर्ध्या टक्क्याने कामगाराचे सात लाखांहून अधिक रुपये जातात आणि त्याला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून सेवा देणाऱ्या संस्थेकडून प्रत्येक आकार लेखी मागून घ्यावा आणि तो कोणाच्या खिशातून जाणार हे स्पष्ट करून घ्यावे.

सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने या विषयावरील जुने कायदे एकत्र गुंफले आहेत. तेव्हा निर्णयापूर्वी आपल्या आस्थापनेस लागू असलेली तरतूद क्षेत्रीय कार्यालयातून तपासून घेणे हिताचे.

सर्वांत उत्तम व्यवस्थाही एका गोष्टीपुढे हतबल ठरते. ती म्हणजे कामगाराच्या पगारातून कापलेली, पण भरलीच न गेलेली रक्कम. तंगीच्या महिन्यात हा पैसा कच्च्या मालासाठी वापरण्याचा मोह होतो. परंतु तो पैसा मालकाचा नसतोच. कापलेली रक्कम वेळेवर जमा करणे आणि वर्षातून एकदा प्रत्येक खात्याचा उतारा कामगाराच्या हाती देऊन तो वाचून दाखविणे, एवढे ज्या कारखान्यात घडते तेथे निवृत्तीचा दिवस चिंतेचा न ठरता समाधानाचा ठरतो. योजना कोणतीही असो, तिचा पहिला विश्वस्त मालकच होय.