सही झाली का, ते विचारा

(शिबिरातील भाषणावरून)


'वरून कायदा आलाय' असं फॉरेस्टवाले म्हणाले की आपण मान खाली घालतो. आम्ही सांगतो, आधी विचारा: सही झाली का? राजपत्रात छापून आलं का? तारीख कोणती?

लोकसभा आणि राज्यसभा मंजूर करतात ते विधेयक. राष्ट्रपतींची सही होत नाही तोवर तो कायदा नव्हे. संविधानाचं कलम 111 बघा. राष्ट्रपती सही करतील, नाही म्हणतील, किंवा फेरविचार करा म्हणून परत धाडतील. परत आलेलं दोन्ही सभागृहांनी पुन्हा मंजूर केलं तर नाही म्हणता येत नाही. पैशाचं विधेयक मात्र परत धाडताच येत नाही.

गंमत पुढेच आहे. सही किती दिवसांत करायची, हे कलमात लिहिलेलंच नाही! 1986 साली टपाल कायदा बदलायचं विधेयक संसदेनं मंजूर केलं. लोकांची पत्रं अडवायला, उघडायला सरकारला त्यातून मोकळीक मिळत होती. राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांनी सही केली नाही, परतही धाडलं नाही. जुलै 1987 मध्ये त्यांची मुदत संपली, तरी कागद तसाच. चारशेवर खासदारांचं सरकार, पण एका न झालेल्या सहीपुढं थांबलं. आपलं हे पत्रकही टपालानंच पाड्यावर येतं, म्हणून ही गोष्ट आपल्या घरचीच समजा.

पण कागद दाबून ठेवायची ही ताकद आपल्यावरही उलटू शकते. विधानसभेचं विधेयक राज्यपालांकडे जातं, आणि ते राष्ट्रपतींसाठी राखून ठेवता येतं. तिथं तर विधिमंडळानं दुसऱ्यांदा मंजूर केलं तरी सहीची सक्ती नाही. जमिनीच्या बाजूचं एखादं विधेयक असं अडकलं, तर तहसीलवर मोर्चा नेऊन काय होणार? तहसीलदाराच्या हातात ते नसतंच.

आता अनुसूचित क्षेत्राचं. पाचव्या अनुसूचीत राज्यपालांना अधिकार आहे: संसदेचा किंवा विधिमंडळाचा कायदा या भागाला लागू नाही, किंवा अमुक बदल करून लागू, असं ते जाहीर करू शकतात. आदिवासींची जमीन दुसऱ्याला देण्यावर बंदी घालणारे नियमही ते करू शकतात, फक्त त्यावर राष्ट्रपतींची संमती लागते. एवढा मोठा अधिकार, आणि वापर किती थोडा! कोणी मागतच नाही, मग कोण वापरणार?

म्हणून यंदाचं निवेदन राज्यपालांच्या नावानं लिहायचं. कोणता कायदा नको आणि का, ते गावानं बसून ठरवा, सह्या-अंगठे घ्या. कलेक्टर कचेरीत दिलं की शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय उठू नका.