कॉम्प्युटर मंद, खापर बाईवर

(कार्यकर्त्यांच्या एक दिवसाच्या शिबिरात केलेले भाषण)



आज मी कायद्यावर किंवा मोर्चावर बोलणार नाही. विषय अगदी घरगुती आहे: घरातल्या कॉम्प्युटरवर इंटरनेट उघडायला लागणारा वेळ. काहीजणी हसताहेत. हसा, मीही आधी हे हसण्यावारीच नेलं होतं.

संघटनेचा पत्रव्यवहार आणि अहवाल मी रात्री घरी बसून करते. गेल्या वर्षी आमचा कॉम्प्युटर इतका मंद झाला की एक पान उघडेपर्यंत कुकरच्या दोन शिट्ट्या व्हायच्या. घरात निदान ठरलेलं होतं, "तूच काहीतरी दाबलं असशील." नवरा तेच म्हणे, मुलगाही तेच. मुलगा त्यावर रोज नवे गेम उतरवून घेतो, पण बिघाड मात्र माझ्या हातून! आम्ही दुरुस्तीवाल्याकडे गेलो. प्रश्न मी विचारले, उत्तरं त्याने नवऱ्याला दिली. "साहेब, मशीन जुनं झालं, नवीन घ्या." मीही मान डोलावली. कारण आतून मलाही वाटत होतं की हे काही आपलं काम नव्हे.

मग संघटनेतली एक तरुण मैत्रीण घरी आली. तिने मला खुर्चीत बसवलं आणि स्वतः माउसला हातसुद्धा लावला नाही. "ताई, तुम्ही करा, मी बघते," म्हणाली. त्या संध्याकाळी शिकले ते सांगते.

पहिला प्रश्न, मंद नेमकं कोण आहे? त्याच वायफायवर मोबाइलमधून तेच पान उघडून बघायचं. मोबाइलवरही रखडलं तर दोष इंटरनेटचा. आमच्या मोबाइलवर ते झटकन उघडलं. म्हणजे घोळ कॉम्प्युटरमध्येच होता.

दुसरा प्रश्न, मेमरी कोण खातंय? ब्राउझर म्हणजे आपण पानं बघतो तो प्रोग्रॅम, क्रोम, एज किंवा फायरफॉक्स. त्यात उघडी ठेवलेली प्रत्येक टॅब मेमरीत जागा अडवते. आमची मेमरी ४ जीबी आणि टॅब उघड्या सत्तावीस! ओट्यावर सगळीच भांडी मांडून ठेवली तर पोळी लाटायची कुठे? क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकदम दाबली की कुठली टॅब किती मेमरी घेते त्याची यादीच समोर येते.

त्या यादीत टॅबशिवाय आणखी काही नावं होती. ही एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला चिकटवलेले छोटे प्रोग्रॅम. कूपन शोधणारं एक, व्हिडिओ उतरवणारं एक, अशी पाच होती. ती कुणी घातली हे घरात कुणालाच आठवेना. यांची परीक्षा सोपी आहे. खासगी खिडकी, म्हणजे इन्कॉग्निटो उघडायची. तिथे एक्स्टेन्शन सहसा बंद असतात. तिथे पान वेगाने उघडलं तर संशय या उपऱ्यांवर. मग एकेक बंद करून बघायचं.

शेवटी साठलेल्या चित्रांचा आणि फायलींचा साठा, म्हणजे कॅशे, पुसला. तो पुसताना खुणा बघून करायचं. कुकीजवरही खूण राहिली तर सगळीकडून लॉगआउट होतं, पासवर्डवर राहिली तर साठवलेले पासवर्डच जातात. मग ब्राउझर अद्ययावत केला. दीड तास लागला. खर्च शून्य.

काही वेळा मशीन खरंच थकलेलं असतं. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली आणि मेमरी वाढवली तर नव्या मशीनपेक्षा पुष्कळ कमी पैशांत काम भागतं. विंडोज १० च्या नेहमीच्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या, तोही विचार करावा लागतो. पण हा निर्णय बघून, मोजून घ्यायचा. कुणीतरी "साहेबां"ना सांगितलं म्हणून नाही.

आणि हे बायकांचं काम नाही, असं कुणी म्हणालं तर त्याला एनिअ‍ॅकची गोष्ट सांगा. १९४६ साली अमेरिकेत हा अवाढव्य कॉम्प्युटर लोकांपुढे आला. त्याचं प्रोग्रॅमिंग सहा बायकांनी केलं होतं. सुमारे अठरा हजार व्हॅक्यूम ट्यूबच्या त्या धुडातला बिघाडही त्या शोधून काढत. त्यांना श्रेय मिळायला मात्र अनेक दशकं जावी लागली.

आता खरा मुद्दा. माझं बघून केंद्रात येणाऱ्या एका बाईने विचारलं, "ताई, माझाही कॉम्प्युटर मंद झालाय, बघाल का?" बोलता बोलता ती म्हणाली, "मी वकिलाची माहिती शोधली की यांना संध्याकाळपर्यंत कळतं. कसं कोण जाणे." बघितलं तर ब्राउझर नवऱ्याच्या खात्याने उघडलेला होता. ती जे जे शोधे ते त्याच्या मोबाइलवरही दिसत होतं. शिवाय तिने न घातलेलं एक एक्स्टेन्शन होतं. त्याला सगळी पानं वाचायची परवानगी दिलेली होती.

माझा हात शिवशिवला. आत्ताच्या आत्ता सगळं पुसून टाकू, म्हटलं. माझ्या तरुण मैत्रिणीने मला थांबवलं. रोजची यादी एकाएकी कोरी दिसली तर त्याला संशय येणार, आणि रात्री त्या घरात ही बाई एकटी असणार. शिवाय पुरावाही आपल्याच हाताने गेला असता. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याखाली तिला पुढे अर्ज करायचा असेल तर तो लागला असता. खासगी खिडकीचाही भरवसा नाही. कॉम्प्युटरवर पाळत ठेवणारा प्रोग्रॅम असेल तर ती काही लपवत नाही.

आम्ही केंद्राच्या मोबाइलवर पडद्याचे फोटो काढले. वकिलाचा शोध यापुढे केंद्राच्या कॉम्प्युटरवरून, तिच्या नव्या खात्याने करायचा असं ठरलं. घरचा ब्राउझर मंदच राहू दिला. तो कधी साफ करायचा हे तीच ठरवणार होती.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. दर महिन्याच्या बैठकीत एक तास कॉम्प्युटरसाठी ठेवू या, आणि माउस शिकणारीच्याच हातात असू दे. समुपदेशनात "घरातला कॉम्प्युटर आणि मोबाइल कुणाच्या खात्यावर आहे?" हा प्रश्न घालू या. आणि तिला विचारल्याशिवाय तिच्या मशीनवरचं काहीही पुसायचं नाही, हा नियम आपण सगळ्याजणी पाळू या.

आमच्या घरी हल्ली कॉम्प्युटर अडला की मुलगा मला हाक मारतो. मी त्याला खुर्चीत बसवते आणि म्हणते, "तू कर, मी बघते."