फ्रेंच पंगत आणि मद्याची प्रतवारी

कन्येच्या बिऱ्हाडीं ल्यों शहरीं माझें वरचेवर जाणें होतें. तेथील ‘बुशों’ नांवाच्या खाणावळींत जाड बुडाच्या, ४६ सेंटिलिटरच्या बाटलींतून बोजोलेचें द्राक्षमद्य येतें. माझ्या जिभेला तेंच रुचतें. बोर्दोची कीर्ति मात्र १८५५ सालच्या प्रतवारीवर उभी. दलालांनीं ती मुख्यतः बाजारभावावरून लावली आणि पुढें पहिल्या वर्गांत बढती एकाच मळ्याला मिळाली, तीही १९७३ सालीं! एका परीक्षेच्या गुणांवर दीडशें वर्षें वर्ग चालविणारी शाळा मीं तरी पाहिली नाहीं. त्यांची पंगतीची शिस्त मात्र मला मान्य आहे : चीज गोडाआधीं, पाव मेजावरच, आणि उठण्याची घाई कोणासच नाहीं. जांवई कौतुकानें बोर्दो उघडूं लागले कीं मी बोजोले मागतों. त्यांस वाटतें, मास्तर भीड धरतात.